आयव्हरमेक्टिन : पशुवैद्यकातील सुरक्षित वापराचा विचार

प्रस्तावना :
जनावरांच्या साथीच्या रोगांची दखल तत्काळ घेतली जाते. जंतांमुळे होणारी हानी मात्र बराच काळ लक्षात येत नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या जठरात राहणारा हिमॉन्कस कंटॉर्टस हा गोलकृमी रक्त शोषतो. त्यामुळे रक्तक्षय होतो, जबड्याखाली सूज येते आणि प्रसंगी जनावर दगावते. अशा जंतांवर आयव्हरमेक्टिन हे औषध जगभर वापरले जाते व ते निर्धोक असल्याची सर्वसाधारण समजूत आहे. तथापि ही सुरक्षितता जनावराची प्रजाती, त्याचे वजन, औषधाची मात्रा व वापराची वेळ यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या मुद्द्यांचे विवेचन केले आहे.

शोध व कार्यपद्धती :
जपानमधील कितासातो संस्थेचे सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूपासून ॲव्हरमेक्टिन ही संयुगे मिळाली. अमेरिकेतील मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून त्यांचे सुधारित रूप, म्हणजे आयव्हरमेक्टिन, सिद्ध झाले. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले. या कार्याबद्दल दोघांना २०१५ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

कृमींच्या मज्जातंतू व स्नायूंच्या पेशींत ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइड वाहिन्या असतात. हे औषध त्या वाहिन्या उघड्या ठेवते. परिणामी कृमी लुळा पडून मरतो. सस्तन प्राण्यांत अशा वाहिन्या नसतात. त्यांच्या मेंदूत औषधाला प्रतिसाद देणाऱ्या अन्य वाहिन्या आहेत. परंतु पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन औषधाला मेंदूत शिरू देत नाही. औषधाची सुरक्षितता मुख्यतः या पहाऱ्यावर टिकून आहे.

प्रजाती व वाण यांतील भेद :
कोली व तत्सम वाणांच्या अनेक कुत्र्यांत या प्रथिनाच्या जनुकात दोष आढळतो. हा दोष २००१ मध्ये उघडकीस आला. अशा कुत्र्यांत दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम इतक्या मात्रेनेही विषबाधेची लक्षणे दिसू शकतात : बाहुल्या विस्फारणे, तोल जाणे, लाळ गळणे, अंधत्व व बेशुद्धी. यावर विशिष्ट उतारा नाही. केवळ आधारभूत उपचार करावे लागतात. कुत्र्यांमधील हृदयकृमींच्या प्रतिबंधासाठी दरमहा किलोमागे अवघी ०.००६ मिलिग्रॅम मात्रा दिली जाते. गुरांचे एक टक्का इंजेक्शन १ मिलिलिटर इतके १० किलोच्या कुत्र्यास टोचल्यास ही मात्रा सुमारे १६७ पट होते. कासवांना तर हे औषध प्राणघातक ठरू शकते.

मात्रा व वजन :
गुरांसाठी प्रचलित मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्का द्रावण ५० किलोमागे १ मिलिलिटर असून ती त्वचेखाली दिली जाते. वजनकाटा नसल्यास छातीचा घेर व खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराच्या वर्गाला लांबीने गुणून ३०० ने भागल्यास वजन पौंडांत मिळते. घेर ६० व लांबी ५० इंच असल्यास वजन ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो येते आणि मात्रा सुमारे ५.४ मिलिलिटर ठरते. नजरेच्या अंदाजाने दिलेली मात्रा कमी पडली, तर सर्वांत चिवट जंत वाचतात व त्यांचीच संतती वाढते. कळपाच्या सरासरी वजनावरून मात्रा ठरविल्यास वजनदार जनावरांच्या बाबतीत हेच घडते.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न :
दक्षिण आफ्रिकेतील मेंढ्यांत हे औषध न जुमानणारे जंत १९८० च्या दशकातच आढळले. तेथेच पापणीच्या आतील रंगावरून रक्तक्षयाच्या पाच पायऱ्या ओळखणारी फमाचा पद्धत विकसित झाली. तिच्यामुळे केवळ गरजू जनावरांना औषध देता येते. उरलेल्या जनावरांतील औषधाचा स्पर्श न झालेले जंत प्रतिकारक जंतांचे प्राबल्य रोखतात. मेंढ्यांमध्ये औषधापूर्वी व त्यानंतर सुमारे १४ दिवसांनी लेंड्यांतील अंडी मोजल्यास परिणाम पडताळता येतो. घट ९५ टक्क्यांहून कमी असल्यास प्रतिकाराची शंका घ्यावी. शेळीच्या शरीरातून अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडतात. त्यामुळे उस्मानाबादी वा संगमनेरी शेळ्यांसाठी मेंढीची मात्रा जशीच्या तशी न वापरता ती पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. तसेच पट्टकृमी व यकृतातील चपटे कृमी यांवर हे औषध निष्प्रभ आहे, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दूध, मांस व परिसर :
हे औषध स्निग्ध पदार्थांत विरघळते. त्यामुळे ते दुधात दीर्घकाळ उतरत राहते. दूध उकळल्याने अवशेष नाहीसे होतात, असे मानू नये. मांसासाठीही वेष्टनावर नमूद केलेला प्रतीक्षाकाळ पाळणे बंधनकारक समजावे. औषधाचा मोठा भाग शेणावाटे बाहेर पडतो व शेण जिरविणाऱ्या कीटकांच्या अळ्यांना बाधक ठरतो.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, जास्त मात्रेचा धोका त्या एका जनावरास असतो, तर कमी मात्रेचा धोका साऱ्या कळपास व पुढील काळातील उपचारांस असतो. पहिली चूक त्वरित दिसते, दुसरी वर्षानुवर्षे दिसत नाही. म्हणूनच जंतनाशकाचा वापर वजन, तपासणी व नोंद यांवर आधारलेला असावा. जनावराचे वजन, दिलेली मात्रा, तारीख व प्रतीक्षाकाळाचा शेवटचा दिवस एवढी नोंद साध्या वहीतही ठेवता येते. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी पशुपालक कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांना ही सवय लावल्यास एका उपयुक्त औषधाचे आयुष्य वाढेल.