सापडलं, पण खरं का?

अमेरिकेत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ग्रंथालयाचे ऑनलाइन पाठ बनवताना सहज होणारी चूक म्हणजे पाठाची सहल करून टाकणं: इथे क्लिक करा, तिथे लेखकाचं नाव टाका. मूल ते पटकन शिकतं आणि तितक्याच पटकन विसरतं, कारण त्या क्षणी त्याला काही शोधायचंच नसतं. शिवाय खरी अडचण शोधण्यात नाही, पारखण्यात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इतिहास-शिक्षण गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी ‘प्रायोजित’ असं स्पष्ट लिहिलेली जाहिरात बातमी समजली. ‘मुलं जन्मतःच मोबाइलवाली, त्यांना काय शिकवायचं?’ या आक्षेपाला एवढं उत्तर पुरे. बोटं सराईत असली म्हणून नजर सराईत होत नाही.

याच गटाच्या पुढच्या अभ्यासात व्यावसायिक तथ्य-तपासनीस अनोळखी पान फार वाचतच बसले नाहीत; दुसऱ्या टॅबमध्ये ‘हे लिहिणारे कोण?’ हे त्यांनी आधी पाहिलं. ही सवय व्याख्येने लागत नाही. म्हणून पाठ छोटा हवा, वर्गात चालू असलेल्या प्रकल्पाला जोडलेला हवा आणि त्यात मुलाला निवड करून तिचं कारण लिहावं लागायला हवं. निव्वळ बरोबर-चूक विचारणाऱ्या चाचणीत अंदाजही खपून जातो. पडदा ग्रंथपालाची जागा घेईल, ही भीती मात्र अगदीच पोकळ नाही. ‘तुला नेमकं काय हवंय?’ असं विचारून मुलाचा धूसर प्रश्न नेमका करणं पाठाला जमत नाही. पाठाने सराव सांभाळावा, त्यातून वाचलेला वेळ ग्रंथपालाला त्या संभाषणासाठी मिळावा.