वास येतोय? आधी मगभर पाणी ओता!

मे महिन्यात दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरला कुलूप लावून नागपूर-पुण्याला गेलेलं कुटुंब जूनमध्ये परततं आणि दार उघडताच सगळे नाक दाबतात. उंदीर मेला असणार म्हणून पलंग-कपाटं सरकवली जातात. खरं कारण बहुतेक वेळा न्हाणीघराच्या जाळीखाली असतं. तिथल्या न्हाणी ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी साचलेलं राहतं आणि गटारातला वायू अडवतं. दिल्लीची लू ते पाणी आटवून टाकते. मगभर पाणी ओतलं की वायूचं दार पुन्हा बंद! गावाला जाताना वरून चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाचा तवंग बाष्पीभवन रोखतो.

पाणी साठवणारा हा वाकडा पाइप, म्हणजे ट्रॅप, आला अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीच्या 1775 मधल्या फ्लश-संडासाच्या पेटंटातून.

सुकलेला ट्रॅप जिवावरही बेततो. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स झाला. कोरड्या पडलेल्या मोऱ्यांतून, बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्याच्या ओढीने विषाणू घरात शिरले, असा निष्कर्ष तपासात निघाला. पंखा लावल्यावर वास वाढत असेल तर तुमच्याकडेही हीच ओढ काम करते आहे.

मोरीतून येणारा सडक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या अब्ज भागांत याचे मोजके भाग असले तरी नाकाला कळतं. पण प्रमाण दहा लाखांत शंभरच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाचा घात तिथेच होतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवायला मनाई केली, तरी माणसं मरताहेत, हे संतापजनक आहे.

घरात वास नेमका कुठल्या मोरीतून येतोय? रात्री प्रत्येक जाळीवर पाणी भरलेली, गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी ठेवा. सकाळी एकेक उचला, वास स्वतःच पत्ता सांगेल. सिंकचा वास मात्र पाइपात चिकटलेल्या तेलकट, बुळबुळीत थराचा असतो. सिंकखालचा बॉटल ट्रॅप खोलून ब्रशने घासा. सोडा-व्हिनेगरचा फेस दिसतो छान, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात. अ‍ॅसिड आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

वरच्या मजल्यावर फ्लश झाला की तुमची मोरी गुडगुडते? मग गच्चीवर निघणारा व्हेंट पाइप तुंबलेला असू शकतो आणि ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. अशा वेळी फिनेलवर पैसे घालवू नका, सरकारी क्वार्टरची देखभाल करणाऱ्या सीपीडब्ल्यूडीच्या इन्क्वायरीत तक्रार नोंदवा आणि व्हेंटचा उल्लेख आवर्जून करा.