चालत्या गाडीत जळणारी काजळी

एखादी डिझेल गाडी पुण्याहून मुंबईकडे एक्सप्रेसवेवर एका लयीत चाललेली असते. आत गाणी चालू असतात, मागच्या सीटवर कुणाला डुलकी लागलेली असते. त्याच वेळी एक्झॉस्टमधल्या सिरॅमिकच्या एका ठोकळ्याचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते, आणि गेल्या काही शे किलोमीटरमध्ये साठलेली काजळी त्यात जळत असते. दहा-वीस मिनिटांत काम उरकते. गाडीतल्या कुणाला बहुतेक पत्ताही लागत नाही.

या ठोकळ्याचे नाव डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, गॅरेजच्या बोलीत डीपीएफ. काजळी जाळून तो पुन्हा मोकळा होतो, त्या क्रियेला रीजनरेशन म्हणतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि डिझेल मोटारीला सोडता येणाऱ्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. नुसते वजन नव्हे, कणांची संख्याही मोजली जाऊ लागली: किलोमीटरमागे जास्तीत जास्त ६०० अब्ज. आकडा अवाढव्य वाटतो, पण फिल्टर नसलेले डिझेल इंजिन त्याच्या किती तरी पट कण सोडते. डिझेलचा धूर माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केले, ते लक्षात घेतले तर या मर्यादेचा जाच वाटू नये.

ठोकळ्याची रचना साधी आणि विलक्षण आहे. त्यात समांतर, चौकोनी, अगदी बारीक नळ्या असतात; एका चौरस इंचात दोनशे ते तीनशे. निम्म्या नळ्या पुढच्या तोंडाशी बंद, उरलेल्या मागच्या तोंडाशी बंद, आणि त्यांची मांडणी एकाआड एक. त्यामुळे आत शिरलेल्या धुराला सरळ बाहेर पडायला वाटच नसते. त्याला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत झिरपावेच लागते. भिंत जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर जाड. तीन लिटर आकारमानाच्या अशा ठोकळ्यात गाळायला सुमारे तीन चौरस मीटर भिंत मिळते.

खरी गंमत पुढे आहे. भिंतीतली छिद्रे साधारण दहा ते वीस मायक्रॉनची, आणि काजळीचा कण एक दशांश मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे छिद्र कणाच्या शंभरपट मोठे! चहाच्या गाळणीचा हिशेब लावला तर इथे काहीच अडकू नये. तरीही अडकते, कारण एवढे हलके कण वायूबरोबर सरळ जात नाहीत. वायूच्या रेणूंचे धक्के खात ते सैरभैर फिरतात आणि छिद्रांच्या वाकड्यातिकड्या वाटेत कुठे तरी भिंतीला टेकतात. टेकला की चिकटला. थोड्याच वेळात भिंतीवर काजळीचा पातळ थर बसतो, आणि त्यानंतर गाळण्याचे मुख्य काम हा थरच करतो. नुकताच जळून लख्ख झालेला फिल्टर म्हणूनच काही काळ थोडा कमी गाळतो; किंचित मळला की शंभरातले नव्व्याण्णवहून अधिक कण पकडतो.

पण मळण्यालाही मर्यादा हवी. थर जाड झाला की धुराला बाहेर पडायला जोर लागतो, इंजिनाचा दम कोंडतो आणि डिझेल जास्त जळते. म्हणून फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब दोन बारीक नळ्यांनी एका सेन्सरपर्यंत आणलेला असतो. दाबातला फरक, कापलेले अंतर आणि गाडी कशी चालली यावरून इंजिनाचा संगणक आत किती काजळी असेल याचा अंदाज बांधत राहतो. मध्यम आकाराच्या मोटारीत वीस-पंचवीस ग्रॅमच्या सुमारास जाळायची वेळ येते.

आता अडचण अशी की काजळी हा कार्बन आहे, आणि तो प्राणवायूत नीट जळायला ५५० ते ६०० अंश तरी लागतात. शहरात रखडत चाललेल्या डिझेल गाडीचा धूर दीडशे-अडीचशे अंशांवरच घुटमळतो. यावर रसायनशास्त्राने एक आडवाट काढली. जॉन्सन मॅथी कंपनीच्या कूपर आणि थॉस यांनी १९८९ मध्ये दाखवले की प्राणवायूऐवजी नायट्रोजन डायऑक्साइड वापरला तर काजळी अडीचशे अंशांच्या पुढेच हळूहळू जळू लागते. धुरात नायट्रिक ऑक्साइड असतोच. फिल्टरच्या आधी प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट बसवला की त्यातल्या काही भागाचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. भरलेली गाडी बोरघाट चढते तेव्हा इंजिनावर भार येतो, धूर तापतो आणि ही संथ सफाई कुणी न सांगता सुरू होते. मात्र गंधक या कॅटॅलिस्टचा वैरी. बीएस-६ बरोबर डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणली, त्याचे एक कारण हेच.

एवढ्याने भागले नाही तर संगणक स्वतः आग पेटवतो. सिलिंडरमधला नेहमीचा स्फोट होऊन गेल्यावर, दट्ट्या खाली जात असताना, तो थोडे डिझेल उशिरा फवारतो. हे डिझेल सिलिंडरमध्ये जळत नाही. वाफ होऊन धुराबरोबर कॅटॅलिस्टपर्यंत जाते आणि तिथे ज्वाळेविना जळते. त्या उष्णतेने धूर ६००-६५० अंशांवर पोचतो आणि काजळीचा कार्बन डायऑक्साइड होतो. पंचवीस ग्रॅम काजळीचे सुमारे नव्वद ग्रॅम, म्हणजे अशी गाडी एका किलोमीटरमध्ये सोडते त्याहूनही कमी. कान आणि डोळे उघडे असले तर खुणा दिसतात: आयडलचा आवाज किंचित चढतो, तात्काळ ॲव्हरेजचा आकडा घसरतो, गाडी थांबवल्यावर पंखा घोंघावत राहतो. पंख्याचा आवाज ऐकून गाडी बिघडली असे समजणारे पुष्कळ असतात.

ही कल्पना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी असा सिरॅमिक ठोकळा १९८१ मध्ये मांडला. मर्सिडीझने १९८५ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या डिझेल गाड्यांत फिल्टर बसवलाही, तोही टर्बोच्या आधी, म्हणजे धूर सर्वात तापलेला असतो तिथे. विचार चोख, पण सिरॅमिकचे तुकडे सुटून टर्बोत जाऊ लागले आणि प्रयोग गुंडाळावा लागला. मोटारीत फिल्टर खऱ्या अर्थाने रुळला तो २००० मध्ये, प्यूजो ६०७ या फ्रेंच गाडीत. तिथे डिझेलमध्ये सिरियमचे संयुग थेंबाथेंबाने मिसळत. त्यामुळे काजळी साडेचारशे अंशांच्या आसपासच पेट घेई.

या यंत्रणेला फार वेग लागत नाही, लागते सलग चाल. साठ-सत्तरचा वेग आणि दोन हजारांच्या आसपासचे आरपीएम वीस मिनिटे टिकले तरी बहुधा पुरते; एक्सप्रेसवेवर मर्यादा ओलांडून गाडी पिटाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो निरर्थक आहे. खरे हाल होतात घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई एवढेच फिरणाऱ्या गाडीचे. रीजनरेशन सुरू होते, तोवर घर येते, चावी फिरते आणि आग अर्धवट विझते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दर अर्धवट प्रयत्नात उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत ऑइलमध्ये उतरतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. ते ऑइल पातळ झालेले असते. रोजची धाव अशीच असेल तर डिझेल गाडी घेऊच नये, हे माझे मत.

डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर सलग चालवणे हाच उपाय. तो दुर्लक्षिला तर इंजिन ताकद कमी करून घेते आणि मग गॅरेजात स्कॅनर लावून उभ्या गाडीत काजळी जाळावी लागते. फार साठलेली काजळी धोक्याचीही असते. ती भडकलेली असताना इंजिन एकाएकी आयडलवर आले, तर उष्णता वाहून नेणारा झोत ओसरतो, प्राणवायू मात्र भरपूर राहतो; तापमान हजार अंशांपलीकडे जाऊन सिरॅमिकला तडे जाऊ शकतात. फिल्टर कापून आत पोकळ नळी जोडून देणारेही भेटतात. ते बेकायदेशीर आहे, आणि मागच्या दुचाकीस्वाराच्या फुफ्फुसांवर केलेली बचत आहे.

काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलमधले कॅल्शियम, जस्त असे घटक जळून उरलेली राख नळ्यांच्या बंद टोकाशी दर किलोमीटरला कणाकणाने साचते. म्हणून डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राखेचे ऑइल लागते, आणि लाखभर किलोमीटरनंतर फिल्टर उतरवून राख बाहेर काढायची वेळ येऊ शकते. तिथे कुठलाही एक्सप्रेसवे कामाचा नाही.

युरोपात आता थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांनाही असाच फिल्टर बसतो, पण तिथले कोडे उलटे आहे. पेट्रोलचा धूर आयताच तापलेला असतो. उणीव असते ती प्राणवायूची. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन पेट्रोल तोडते, सिलिंडरमधून कोरी हवा फिल्टरपर्यंत पोचते आणि काजळी त्या काही सेकंदांत पेटते.