अभियंता ते उद्योगनेता : पदवीनंतरची तिसरी वाट

व्यापारी घरातील मुलगा वा मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडली, की घरात एकच प्रश्न घोळू लागतो : आता पुढे काय? वडिलांच्या मते पेढीवर किंवा कारखान्यात यावे. मुलांच्या मनात परदेशी जाऊन आपल्याच विषयात एम. एस. करण्याचे असते. काका-मामा सांगतात, एम. बी. ए. केल्याशिवाय मोठ्या पदाची आशा नको. तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, आणि तिन्हींत एकेक उणीवही आहे. एम. एस. केलेला तंत्र जाणतो, पण माणसे आणि भांडवल हाताळण्याचे शिक्षण त्याला क्वचितच मिळते. एम. बी. ए. झालेला ताळेबंद वाचतो, पण यंत्र का थांबते हे त्याला उमगेलच असे नाही. थेट पेढीवर बसलेल्याला व्यवहार कळतो, मात्र जुनी घडी कशी बदलावी हे दाखवणारा कोणी जवळ नसतो.

या उणिवा एकत्रितपणे भरून काढण्याचा विचार अमेरिकेत संकटातून जन्मला. १९८० च्या दशकात तेथील कारखानदारीला जपानने घेरले. मोटारी, दूरचित्रवाणी संच, संगणकाच्या चिप्स अशा एकेका क्षेत्रात गिऱ्हाईक जपानी मालाकडे वळू लागले. १९८६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एम. आय. टी. या संस्थेने या घसरणीच्या अभ्यासासाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९८९ मध्ये ‘मेड इन अमेरिका’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शोध लावण्यात अमेरिका मागे नव्हती. शोधाचे निर्दोष उत्पादन करण्यात, कामगारांना शिकवण्यात आणि दूरचा नफा पाहण्यात ती कमी पडत होती, असा त्याचा आशय होता.

एकाच अभ्यासात दोन पदव्या

आयोगाचे काम चालू असतानाच, १९८८ साली, एम. आय. टी.च्या अभियांत्रिकी विभागाने आणि स्लोन व्यवस्थापन विद्यालयाने मोठ्या उत्पादक कंपन्यांना सोबत घेऊन ‘लीडर्स फॉर मॅन्युफॅक्चरिंग’ हा अभ्यासक्रम सुरू केला. २००९ पासून तो ‘लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स’ या नावाने ओळखला जातो. दोन वर्षांत विद्यार्थ्याला एम. बी. ए. आणि अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी अशा दोन्ही पदव्या मिळतात.

त्याची खरी ताकद रचनेत आहे. प्रवेशासाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे वर्गात बसणाऱ्याने कारखान्यातील किंवा प्रकल्पातील अडचण आधी सोसलेली असते. शिकत असताना सुमारे सहा महिने तो सहभागी कंपनीत राहतो आणि तिच्या एका खऱ्याखुऱ्या प्रश्नावर काम करतो : साठा कसा घटवावा, दोषयुक्त मालाचे प्रमाण कसे उतरवावे, पुरवठा कोठे अडतो. त्याच कामावर प्रबंध लिहायचा असतो, आणि तो अभियांत्रिकी व व्यवस्थापन या दोन्ही बाजूंच्या प्राध्यापकांना पटावा लागतो. कंपन्या शिक्षणशुल्काचा काही भार उचलतात. बदल्यात त्यांना प्रश्नाचे उत्तर मिळते आणि उद्याचा अधिकारी जवळून पारखता येतो.

या शिक्षणाचे फळ जेफ विल्के यांच्या कारकिर्दीत दिसते. रसायन अभियंता असलेले विल्के १९९३ साली येथून बाहेर पडले आणि १९९९ मध्ये ॲमेझॉनमध्ये गेले. त्या वेळी कंपनीची गोदामे सणासुदीच्या मागणीपुढे कोलमडत. विल्के यांनी त्यांच्याकडे दुकानाचे कोठार म्हणून न पाहता कारखाना म्हणून पाहिले. मागणी हा कच्चा माल, बांधलेली पेटी हे उत्पादन. मग मधल्या प्रत्येक पायरीचे मोजमाप आणि दोषनिवारण कारखान्याच्याच रीतीने सुरू झाले. पुढे ते कंपनीच्या जगभरातील ग्राहक-व्यवसायाचे प्रमुख झाले. माल साठवणे आणि वेळेवर पोहोचवणे ज्यांचा पिढीजात व्यवसाय आहे, त्यांना या दृष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

भारतातील वाटा

यासाठी सातासमुद्रापार जाणे आवश्यकच आहे असे नाही. मुंबईत पवईजवळ १९६३ साली केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने ‘नीटी’ ही संस्था स्थापन केली. औद्योगिक अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन यांची सांगड घालणारी ही संस्था २०२३ पासून आय. आय. एम. मुंबई म्हणून ओळखली जाते. ‘मंडी’ या तेथील उपक्रमात अभियंते विद्यार्थी शैक्षणिक खेळणी घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर विकायला उतरत. अनोळखी गिऱ्हाइकाला थांबवणे, नकार पचवणे आणि पुन्हा हसतमुखाने बोलणे, हा धडा व्यापारी घरातील मूल दुकानात बसून शिकते. तेथे तो अभ्यासाचा भाग होता.

दुसरी वाट भारत-जपान सहकार्यातून निघाली. २००७ साली प्राध्यापक शोजी शिबा यांच्या मार्गदर्शनाखाली उत्पादनक्षेत्रातील नेतृत्वासाठी खास कार्यक्रम सुरू झाला. त्यातूनच आय. आय. एम. कलकत्ता, आय. आय. टी. कानपूर आणि आय. आय. टी. मद्रास यांचा अनुभवी अभियंत्यांसाठी एक वर्षाचा संयुक्त अभ्यासक्रम उभा राहिला. या कार्याबद्दल शिबा यांना २०१२ साली पद्मश्री देण्यात आली.

कुटुंबाने काय पाहावे?

पहिली गोष्ट घाईची. पदवी हाती पडताच पुढच्या प्रवेशाची धावपळ करण्यापेक्षा दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करू देणे हिताचे. तेथे ती व्यक्ती ‘शेठजींचे चिरंजीव’ नसते. चूक झाली तर बोलणी खाते, आणि वरिष्ठाचे ऐकणे व कामगाराचे मन राखणे दोन्ही शिकते. दुसरी गोष्ट निवडीची. संस्थेच्या नावापेक्षा अभ्यासक्रमात प्रत्यक्ष उद्योगातील काम किती आहे, हे विचारावे. तिसरी गोष्ट मुलींची. अभियंता झालेल्या मुलीचे पुढील शिक्षण लग्नाच्या बोलणीत अडकू नये. कारखाना चालवण्याची पात्रता मुलगा-मुलगी पाहून येत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, आणि ती वडीलधाऱ्यांची आहे. शिकून आलेली पिढी घरच्या धंद्यात आली, तर तिला एखादा विभाग, त्याचा हिशेब आणि चुकण्याची मुभा द्यावी लागते. सही आजोबांची, निर्णय वडिलांचा आणि मुलाकडे केवळ देखरेख, अशी वाटणी राहिली तर दोन पदव्या भिंतीवर टांगलेल्याच राहतात आणि तो हुशार अभियंता दुसऱ्या कोणाचा तरी कारखाना मोठा करायला निघून जातो.

सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. तरीही रेल्वेच्या कंत्राटांपासून जहाजे, विमाने आणि मोटारींपर्यंत त्यांनी मजल मारली, ती तंत्र जाणणाऱ्या माणसांवर विश्वास टाकून. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या काळी साहस घरचे आणि तंत्रज्ञान बाहेरचे होते. आता दोन्ही एकाच घरात, एकाच व्यक्तीत नांदू शकतात. त्यासाठी मुलांच्या शिक्षणाला लागणारा खर्च बहुतेक घरे आनंदाने करतील. शिकून आल्यावर त्यांच्या हाती कामाच्या किल्ल्या देण्याची तयारीही तितकीच हवी.