ऑगस्टचा पगार कुठून येतो?

लेस्टर असो, स्लाउ असो की उत्तर लंडन, इंग्लंडमधल्या शाळांत काम करणाऱ्या मराठी बायका आता सगळीकडे भेटतात. कुणी टीचिंग असिस्टंट, कुणी शाळेच्या ऑफिसात, तर कुणी जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायला. मुलांच्या वेळा सांभाळून करता येते म्हणून ही 'टर्म टाइम ओन्ली', म्हणजे फक्त शाळा चालू असतानाची, नोकरी धरली जाते, आणि तो विचार योग्यच आहे. मात्र तिच्या पैशांबद्दल ऐकीव माहिती इतकी पसरलेली आहे की पहिल्याच उन्हाळ्यात घरखर्चाची ओढाताण सुरू होते.

'तुमचं बरं आहे, वर्षाला तेरा आठवडे भरपगारी सुट्टी!' हे वाक्य तर ठरलेलंच. वस्तुस्थिती वेगळी आहे. शाळा ३८ आठवडे भरते, त्यात प्रशिक्षणाचे ५ दिवस धरले की कामाचे ३९ आठवडे होतात. उरलेल्या तेरांपैकी फक्त हक्काच्या रजेचे पैसे मिळतात, कायद्याने किमान ५.६ आठवड्यांचे. म्हणजे पगार साधारण ४४ आठवड्यांचाच असतो. तो बारा समान हप्त्यांत विभागून दरमहा खात्यात येतो, इतकंच. ऑगस्टमध्ये जमा होणारी रक्कम तुम्ही नोव्हेंबरच्या अंधाऱ्या सकाळी आणि फेब्रुवारीच्या थंडीत कमावलेली असते. सुट्टीची मेहेरबानी म्हणून शाळा ती देत नाही.

त्यातूनच दुसरा घोटाळा होतो, जाहिरातीतल्या आकड्याचा. समजा जाहिरातीत '२५,००० पौंड, प्रो राटा' (म्हणजे कामाच्या प्रमाणात) असं लिहिलंय आणि काम आठवड्याला ३० तासांचं आहे. पूर्णवेळ आठवडा ३७ तासांचा धरतात. म्हणून २५,००० ला आधी ३० भागिले ३७ आणि मग ४४ भागिले ५२ अशी दोनदा कात्री लागते. हाती राहतात वर्षाचे सुमारे १७,१०० पौंड. २०२५-२६ च्या दरांनी आयकर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची वर्गणी वजा जाता महिन्याला १,२५० च्या आसपास. जाहिरात वाचून महिन्याला दोन हजार धरून भाड्याचं घर ठरवलं, तर पुढचं वर्षभर तोंडमिळवणी करता करता जीव मेटाकुटीला येतो. मुलाखतीतच 'प्रत्यक्ष वार्षिक पगार किती?' हे विचारून घ्यावं. त्यात भिडस्तपणाचं काही कारण नाही.

एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांचं गणित मात्र सर्वस्वी निराळं. तिथे काम केलं तेवढ्याच दिवसांचे पैसे, ऑगस्ट कोरडा. रजेचे पैसे कधी दर आठवड्याच्या पगारातच १२.०७ टक्के मिळवून दिलेले असतात. तसे असतील तर उन्हाळ्यात वेगळं काही येणार नाही. पेस्लिपवर ती ओळ आहे का, हे सप्टेंबरातच पाहून ठेवावं.

'सुट्टीत काम नाही, म्हणजे सरकारी भत्ता वाढेल,' असंही पुष्कळांना वाटतं. बारा हप्त्यांत पगार घेणाऱ्यांचा युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नाचा भत्ता ऑगस्टमध्ये वाढत नाही, कारण खात्यात तेवढीच रक्कम येत असते. एजन्सीवाल्यांचं उत्पन्न खरोखर घटतं, त्यामुळे त्यांचा वाढू शकतो. पण आपल्याकडच्या अनेक घरांसाठी त्याआधीचा प्रश्न व्हिसाचा आहे. व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ न घेण्याची अट असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिट आणि चाइल्ड बेनिफिट दोन्ही त्या निधीत मोडतात. शेजारणीला मिळतं म्हणून अर्ज भरून मोकळं होऊ नये. त्याने व्हिसाच अडचणीत येऊ शकतो.

आता चाइल्ड बेनिफिटबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते वीस-पंचवीस वर्षं दिसत नाही. समजा, कायम वास्तव्याची परवानगी मिळालेल्या कुटुंबात नवरा आयटीत आहे, पगार ८०,००० पौंडांच्या वर आहे. तेवढ्या पगाराला हा भत्ता सगळाच करातून परत जातो, मग फॉर्म कशाला भरा, असा विचार होतो. पण हा फॉर्म पेन्शनशीही जोडलेला आहे. सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला नॅशनल इन्शुरन्सची साधारण ३५ वर्षांची नोंद लागते, किमान १० तरी. दिवसाला तास-सव्वातास जेवणाच्या वेळी काम करणारीची कमाई वर्षाला ६,५०० पौंडांखाली राहते, आणि तेवढ्यावर त्या वर्षाची नोंद होत नाही. मूल १२ वर्षांचं होईपर्यंत चाइल्ड बेनिफिटचा दावा तिच्या नावावर असेल, तर ती वर्षं मोजली जातात. पैसे नकोत असं कळवून नुसता दावा ठेवता येतो. तो नवऱ्याच्या नव्हे, कमी कमावणारीच्या नावावर हवा. सप्टेंबरात शाळेचे बूट घ्यायच्या धावपळीत हा फॉर्म राहून जातो आणि बाईच्या म्हातारपणातून वर्षं गळून पडतात. हे माझ्या मनाला टोचतं.

'पगारच एवढासा, त्यात पेन्शनची कपात कशाला?' म्हणून बाहेर पडणाऱ्याही बऱ्याच. कौन्सिलच्या किंवा अकॅडमीच्या शाळेत थेट नोकरी असेल, तर साहाय्यक कर्मचाऱ्यांना लोकल गव्हर्नमेंट पेन्शन स्कीम असते. वरच्या १७,१०० च्या पगारावर ५.५ टक्के वर्गणी कापली जाते. करसवलत धरता प्रत्यक्ष झळ महिन्याला ६३ पौंडांच्या आसपास. त्या बदल्यात नोकरीच्या दर वर्षामागे पगाराचा ४९ वा भाग, म्हणजे सुमारे ३४९ पौंड, वार्षिक पेन्शनमध्ये जमा होतो. तो महागाईप्रमाणे वाढतो आणि आयुष्यभर मिळतो. फारच ओढाताण असेल तर निम्मी वर्गणी भरून निम्मं पेन्शन घेण्याची सोय याच योजनेत आहे. बाहेर पडण्याआधी ती विचारावी.

मग उन्हाळा जड का जातो? पगार तोच असतो, खर्च वाढतो. मुलं घरी, दोन वेळचं खाणं घरी, आणि पुणे-मुंबईची तिकिटं वर्षातल्या सर्वांत महाग आठवड्यांत काढावी लागतात. शाळेत नोकरी म्हणजे सत्र चालू असताना रजा नाही. कोरडा महिना पगारात न शोधता खर्चात शोधला की उपाय सापडतो. कौन्सिल टॅक्स बहुतेक ठिकाणी एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत जातो, फेब्रुवारी-मार्च मोकळे. हप्ता १७० पौंडांचा असेल तर त्या दोन महिन्यांचे ३४० पौंड वेगळ्या खात्यात टाकावेत आणि जुलैपर्यंत त्यांना हात लावू नये. हॉलिडे क्लबसाठी टॅक्स-फ्री चाइल्डकेअर खात्यात तुम्ही ८० पौंड भरले की सरकार २० घालतं. क्लब मात्र नोंदणीकृत हवा, आणि युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांना हे चालत नाही. त्यांना नोंदणीकृत क्लबच्या खर्चाचे ८५ टक्क्यांपर्यंत पैसे परत मिळू शकतात, त्याला महिन्याची मर्यादा असते. व्हिसावर सार्वजनिक निधीची ती अट असेल, तर इथेही आधी पात्रता तपासावी.

सुट्टीत दुसरं काम धरलं की 'जास्त कर कापतात' ही तक्रार ऐकू येते. करमुक्त १२,५७० पौंड पहिल्याच नोकरीत वापरले जातात, म्हणून दुसरीकडे पहिल्या पौंडापासून २० टक्के जातात. दर तोच असतो. पहिली नोकरी त्या मर्यादेच्या आत असेल, तर मात्र जास्तीचा कर परत मागता येतो.

नोकरी सोडतानाची तारीखही जपून ठरवावी. शाळेच्या पगाराचं वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट असेल आणि तुम्ही ईस्टरला सोडलं, तर केलेलं काम मिळालेल्या हप्त्यांपेक्षा जास्त भरतं आणि शाळा तुमचं देणं लागते. वर्ष एप्रिल ते मार्च असेल आणि ऑगस्टअखेर सोडलं, तर उलट तुम्हालाच पैसे परत करावे लागू शकतात. राजीनामा देण्याआधी पेरोलकडून हा हिशेब लेखी मागून घ्यावा.