‘दुखतंय, पण त्रास होत नाही’

हाड मोडलेल्या रुग्णाला मॉर्फिनचं इंजेक्शन देऊन थोड्या वेळाने विचारलं, तर तो कधी कधी सांगतो, ‘दुखतंय, पण आता त्याचा त्रास होत नाही.’ उत्तर विचित्र वाटलं तरी ते अगदी नेमकं आहे. मॉर्फिन मोडलेलं हाड सांधत नाही. त्याचं मुख्य काम चालतं मज्जारज्जूत आणि मेंदूत.

दुखऱ्या जागेकडून आलेले चेतातंतू मज्जारज्जूतल्या पेशींना निरोप देतात ते ग्लुटामेट, ‘सबस्टन्स पी’ अशा रसायनांमार्फत. मॉर्फिन तिथल्या पेशींवरच्या ‘म्यू’ रिसेप्टरवर, म्हणजे रसायनाचा निरोप झेलणाऱ्या जागेवर, बसलं की तंतूच्या टोकात कॅल्शियम कमी शिरतं आणि ही रसायनं कमी सुटतात. पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जातं, त्यामुळे तीही सहजी उत्तेजित होत नाही. मेंदूकडून मज्जारज्जूत वेदना दाबणारे संदेश उतरत असतात, त्यांनाही मॉर्फिन बळ देतं. वेदनेला तगमग जोडणाऱ्या मेंदूच्या भागांतही हे रिसेप्टर आहेत. रुग्णाच्या त्या उत्तराचं मूळ तिथे आहे.

पण मॉर्फिन या अफूच्या बोंडातल्या रसायनासाठी आपल्या मेंदूत जागा का असावी? १९७३ साली बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी हे रिसेप्टर दाखवून दिले. न्यूयॉर्क आणि स्वीडनमधल्या संशोधकांनाही ते त्याच वर्षी सापडले. १९७५ मध्ये अ‍ॅबर्डीनच्या जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं केलं, आणि कोडं सुटलं. शरीर स्वतःच या रिसेप्टरवर बसणारी द्रव्यं बनवतं.

धोकाही याच रिसेप्टरमधून येतो. श्वासाची लय राखणाऱ्या मेंदूच्या बुंध्यातल्या पेशींवर ते असतात. मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो, थांबूही शकतो. नॅलॉक्सोन हे उतारा-औषध मॉर्फिनला तिथून हटवतं, पण त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून रुग्णावर नजर ठेवावी लागते. आतड्यांतही हेच रिसेप्टर असल्याने बद्धकोष्ठता होते, म्हणून मॉर्फिनसोबत बहुधा पोट साफ ठेवणारं औषध देतात.

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफूची परवानाधारक शेती होते. तरीही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे कर्करोगाचे असंख्य रुग्ण मॉर्फिनविना तळमळत राहिले. हे अक्षम्य होतं. २०१४च्या दुरुस्तीने नियम सोपे केले. पण व्यसनाची धास्ती अजून घरोघरी आहे. जाणकार डॉक्टर मात्र कमी मात्रेने सुरुवात करून साधी गोळी दर चार तासांनी देतात, दुखणं उसळायची वाट न पाहता.