हरफनमौला की भाराभर चिंध्या?

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेत पालकांची ये-जा वाढते. यंदा एका विद्यार्थ्याची अम्मी आली आणि खुर्चीवर टेकता टेकताच म्हणाली, “मॅडम, कॉम्प्युटरमध्ये असा एक कोर्स सांगा, की तो केला म्हणजे पोराला पुन्हा काही शिकायला लागणार नाही.” तिच्या हातात एका खासगी क्लासचं माहितीपत्रक होतं. फी भरण्यासाठी पाटल्या मोडायची तिची तयारी होती.

असा कोर्स नाही, हे तिला सांगणं मला जड गेलं. पण खरं तेच आहे. एके काळी वेबसाइटवर हलती चित्रं आणि खेळ करायचे तर ‘फ्लॅश’ शिका, असं जो तो सांगत असे. 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअर बंद केला. ज्यांना तेवढंच येत होतं, त्यांना पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावं लागलं.

मग सगळंच शिकावं का? आमच्या उर्दूत सगळी कामं येणाऱ्याला कौतुकाने ‘हरफनमौला’ म्हणतात. मराठीत मात्र त्याच माणसाला बजावलं जातं, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. मी दोन्ही भाषा शिकवते. या बाबतीत दोघींचंही म्हणणं खरं आहे, हे मला माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने दाखवून दिलं.

त्याचे अब्बा शिलाईकाम करत. दहावीनंतर तो आयटीआयमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड शिकला आणि एका मध्यम कारखान्यात लागला. सुरुवातीला प्रिंटरचा अडकलेला कागद काढणं हेच काम. हळूहळू तो नेटवर्कच्या वायरी ओढायला शिकला, मग लिनक्स, मग डेटाबेसची भाषा एसक्यूएल, मग थोडं पायथन.

एकदा महिनाअखेरीला कारखान्याची बिलं निघेनात. बाहेर ट्रक उभे. नेटवर्कवाला म्हणाला, लाइन चालू आहे. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, आमच्या प्रोग्राममध्ये दोष नाही. मशिनवाला म्हणाला, सर्व्हर सुरू आहे. तिघंही खरंच बोलत होते! आमच्या मुलाने एकेक पायरी तपासली. रोज रात्री बॅकअपची नवी प्रत तयार होत होती, जुनी कोणी पुसत नव्हतं. डिस्क काठोकाठ भरली होती आणि डेटाबेसला नवी नोंद लिहायला जागाच उरली नव्हती. त्याने जुन्या प्रती दुसरीकडे हलवल्या, डेटाबेस पुन्हा सुरू केला आणि ट्रक सुटले. दुसऱ्या दिवशी त्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. आता डिस्क 80 टक्के भरली की त्याच्या मोबाइलवर संदेश येतो.

त्या तिघांपैकी प्रत्येकाचं आपापल्या विषयातलं ज्ञान त्याच्यापेक्षा जास्त होतं. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा दरवाजा त्याला माहीत होता. हरफनमौला माणसाची किंमत इथे कळते.

याची दुसरी बाजूही पालकांनी ऐकावी. एकाच विषयात मुरलेल्या त्याच्या मित्रांना बरीच वर्षं त्याच्यापेक्षा जास्त पगार मिळाला. ईदच्या दिवशीही त्याचा फोन वाजतो. “टीचर, नवीन शिकेपर्यंत जुनं विसरायला होतं,” असं तो स्वतःच सांगतो. म्हणून त्याने एसक्यूएल आणि डेटाबेस हा विषय आपला मानला आणि त्यात खोल उतरला. बाकीचं कामापुरतं. एक कापड धड असलं, की बाकीच्या चिंध्यांचीही गोधडी होते.

काय शिकावं, याचाही एक हिशेब आहे. घराचा रंग दर काही वर्षांनी बदलतो, पाया बदलत नाही. आज इंटरनेट ज्या टीसीपी-आयपी नियमांवर चालतं, ते त्याच्या पूर्वजाने, म्हणजे अर्पानेटने, 1 जानेवारी 1983 रोजी स्वीकारले. एसक्यूएल 1970 च्या दशकातली. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि एक प्रोग्रामिंगची भाषा एवढा पाया पक्का असेल, तर वरचं नवं साधन शिकायला फार दिवस लागत नाहीत. आता एआय चटकन उत्तर देतं. पण बिघाड कुठल्या पायरीवर आहे आणि मिळालेलं उत्तर बरोबर आहे का, हे पाया माहीत असणाऱ्यालाच ओळखता येतं.

वय आडवं येतं, असं वाटणाऱ्यांनी ग्रेस हॉपर यांच्याकडे पाहावं. त्या अमेरिकेत गणिताच्या प्राध्यापिका होत्या. 1943 मध्ये नौदलाच्या राखीव दलात गेल्या आणि पस्तिशी उलटल्यावर त्यांनी पहिल्यांदा संगणकाला हात लावला. पुढे 1959 च्या कोबोल या भाषेचा पाया त्यांच्या कामातून घातला गेला. ही भाषा अनेक बँकांत आजही चालते. 1986 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, त्या नौदलातून निवृत्त झाल्या आणि लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या.

शिकायला दर वेळी मोठी फी लागते असंही नाही. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, पायथनसारख्या विषयांचे छोटे पाठ मोफत आहेत आणि त्यातले अनेक मराठी निवेदनात आहेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर वर्ग मोफत असतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरती फी पडते. रोज एक तास, एक वही आणि शिकलेलं दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगायची सवय, एवढं पुरतं. इंग्रजी वाचनाचा कंटाळा मात्र करू नये, कारण या क्षेत्रातली नवी माहिती आधी त्याच भाषेत येते.

हे सगळं ऐकून ती अम्मी जरा हिरमुसली. “म्हणजे शिकणं कधी संपणारच नाही?”

मी म्हटलं, “मी खडू-फळ्यावर बीएड केलं. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा मोबाइलवर वर्ग कसा घ्यायचा, हे मला आठवीच्या मुलींनी शिकवलं. माझंही कुठे संपलंय?”

ती हसली. माहितीपत्रकाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली. पाटल्या मोडण्याआधी मुलाने तीन महिने घरीच रोज एक तास शिकून बघायचं, असं आमचं ठरलं. त्याची वही दर शनिवारी मी तपासणार आहे.